तात्यांचा जंतू मी फेकून दिला

मी कणकवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, बारा वर्षं झाली. सकाळी सातपासून रक्त, लघवी, थुंकी, पाऊस सुरू झाला की लेप्टो आणि डेंग्यूच्या टेस्टची ही रांग, आणि आठवड्याला दहा-बारा कल्चर. कल्चर म्हणजे जखमेतला पू किंवा लघवी अगरच्या, म्हणजे जंतूंचं खाद्य असलेल्या जेलीच्या प्लेटवर पसरवायची, रात्रभर 37 डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि सकाळी काय उगवलंय ते बघायचं. मग त्या उगवलेल्या जंतूचा पातळ थर दुसऱ्या प्लेटवर द्यायचा आणि त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो, पडत नसेल तर जंतू टिकलीला अगदी चिकटून वाढतो. गोल पट्टीने मोजायचा, तक्ता बघायचा, रिपोर्टवर एस नाहीतर आर लिहायचं. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालेल. आर म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे ते औषध या जंतूवर चालणार नाही.

मी लागले तेव्हा रिपोर्टवर एकदोन आर असायचे. आता एकदोन एस असतात. बारा वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर हे झालंय.

तात्या माझे चुलतकाका. देवगड तालुक्यात खाडीकाठी घर, वर कातळावर थोडी हापूसची कलमं, आणि ओहोटीला कालवं काढायला जायची लहानपणापासूनची सवय, ती काही सुटत नाही. मे महिन्यात कालवाची धार पायाला लागली. डायबेटीस जुना, त्यामुळे पायाला संवेदना कमी, लागलेलं त्यांना कळलंच नाही, घरी आल्यावर काकूने ओटीवर रक्ताचं पाऊल बघितलं तेव्हा कळलं. मी फोन केला तर म्हणे, "कालव लागला गो, तेका काय इतक्या. हळद भरलंय, बरा होतला." मी ओरडले, पण लांबून ओरडून काय होतंय.

पंधरा दिवसांनी पाय सुजला तेव्हा डॉक्टरकडे नेलं. पाच दिवस गोळ्या. सूज थोडी उतरली, परत आली. मग दुसरीकडे सेफ्ट्रायॅक्झोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं, रोज एक, सात दिवस. मग आणखी एक औषध बदललं. या सगळ्यात दीड महिना गेला आणि कोणीही जखमेचा स्वॅब पाठवला नाही. मी कुणा एका डॉक्टरला दोष देत नाहीये, आपल्याकडे हीच पद्धत पडलीय, आधी औषध सुरू करायचं, नाही लागू पडलं तर बदलायचं, आणि कल्चर अगदी शेवटी, कारण त्याला पैसे लागतात आणि दोन-तीन दिवस थांबावं लागतं. पेशंटलाही थांबायचं नसतं, त्याला आजच इंजेक्शन हवं असतं.

जुलैत मी स्वतः घरी गेले तेव्हा ड्रेसिंग सोडलं तर पट्टीला हिरवट डाग. आमच्या धंद्यातल्या कुणालाही तो रंग बघितला की पोटात खड्डा पडतो. मी तिथेच स्वॅब घेतला, धो धो पावसात एसटीने कणकवलीला आणला आणि प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर आधी वास आला, गोडसर, द्राक्षाच्या ज्यूससारखा. प्लेट उजेडात धरली, अख्खं अगर हिरवं झालेलं आणि वर धातूसारखी चकाकी. स्यूडोमोनास एरुजिनोसा नावाचा जंतू. यावर सेफ्ट्रायॅक्झोन मुळातच काम करत नाही, हे पुस्तकातलं पहिल्या वर्षाचं ज्ञान आहे. तात्यांना दिलेली सातच्या सात इंजेक्शनं त्या जंतूच्या बाबतीत पाण्यासारखी होती, उलट आजूबाजूचे साधे जंतू मेले आणि याला मोकळं रान मिळालं.

मग टिकल्या लावल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर सिप्रो, सेफ्टाझिडिम, पिपरासिलिन, मेरोपेनेम, सगळ्या टिकल्या हिरव्या गालिच्यावर ठेवलेल्या बटणांसारख्या, एकीभोवतीही धड गोल नाही. मी पट्टी हातात घेऊन उभी होते आणि मोजायला काही नव्हतं. राहिलं कोलिस्टिन, त्याची टिकलीने टेस्ट करता येत नाही, वेगळी पद्धत लागते म्हणून सॅम्पल बाहेर पाठवलं. पण कोलिस्टिन किडनीवर जातं आणि तात्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या टेस्टचा आकडा, आधीच वाढलेलं. शेवटी गणपतीच्या आधी पंधरा दिवस अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. सर्जन चांगले होते, पाय वाचला. पण सत्तरीचा माणूस, ज्याने आयुष्यभर अनवाणी कातळ तुडवला, तो यावर्षी गणपती आणायला काठी घेऊन उंबरठ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

आता मुद्द्यावर येते. ऑपरेशन ठरलं त्या रात्री तात्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, ताई, मी वाचलंय जॉर्जिया देशात फेज म्हणून काहीतरी देतात, बॅक्टेरिया खाणारे व्हायरस, अँटिबायोटिक चालत नाही तिथे ते चालतात, आपण बाबांना नेऊया का, पैशाचं मी बघतो. आणि मला एकदम बीएस्सीचं प्रॅक्टिकल आठवलं.

मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या बहुतेकांनी हे प्रॅक्टिकल केलेलं असतं. आम्ही कॉलेजच्या मागच्या गटारातून बाटलीभर घाण पाणी आणलं होतं, नाकाला ओढणी बांधून. त्यात ब्रॉथ, म्हणजे जंतूंचं पातळ खाद्य, आणि ई. कोलाय जंतू घालून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाळून गाळून घेतलं, शेवटी इतक्या बारीक फिल्टरमधून की जंतू वर अडकतात आणि त्यांच्याहून लहान असेल तेवढंच खाली येतं. खाली आलं ते साध्या पाण्यासारखं दिसत होतं. त्याचे थेंब कोमट पातळ अगरमध्ये जंतूंबरोबर मिसळून प्लेटवर ओतले. तिसऱ्या दिवशी त्या प्लेटवर जंतूंचा दाट पांढुरका थर होता, आणि त्या थरात सगळीकडे स्वच्छ भोकं, टाचणीच्या डोक्याएवढी, साबुदाण्याएवढी, जसा तांदळाच्या घावनाला जाळी पडते तशी. प्रत्येक भोक म्हणजे जिथे एक फेज पडला आणि त्याच्या पिल्लावळीने आजूबाजूचे सगळे जंतू फोडून टाकले. मॅडम म्हणाल्या होत्या की मोजा, जर्नलमध्ये लिहा. आम्ही मोजली, लिहिली, सही घेतली आणि विसरून गेलो. गटाराच्या पाण्यात औषध होतं आणि आम्ही त्याला दहा मार्कांचं प्रॅक्टिकल समजत होतो.

फेज म्हणजे बॅक्टेरिओफेज, बॅक्टेरिया खाणारा. खरं तर खात नाही, आत शिरतो. ई. कोलायवरचा टी-फोर नावाचा फेज सगळ्यात जास्त अभ्यासलेला आहे, लांबी साधारण 200 नॅनोमीटर, म्हणजे पाच हजार एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर. वर पैलूदार डोकं, त्यात डीएनए, खाली शेपटी, शेपटीला कोळ्यासारखे पाय. हे पाय जंतूच्या अंगावरची ठराविक खूण चाचपतात. खूण जुळली तरच चिकटतो, मग शेपटी आकसते आणि डोक्यातला डीएनए जंतूच्या आत. त्यानंतर जंतू स्वतःचं काम सोडून फेजचीच पिल्लं तयार करायला लागतो आणि साधारण अर्ध्या तासात फुटतो, शंभर-दोनशे नवीन फेज बाहेर. आपल्या पेशींवर ती खूण नसते म्हणून आपल्याला हात लावत नाही. आणि पोटातल्या, कातडीवरच्या चांगल्या जंतूंनाही लावत नाही, हा मला फार मोठा गुण वाटतो. अँटिबायोटिक घेतलं की जुलाब लागतात, तोंड येतं, कारण ते म्हणजे किनाऱ्यालगत ओढलेलं रापण, समोर येईल ते सगळं गोळा. फेज म्हणजे एकाच माशाच्या मापाचा गळ.

आणि हे आहेत किती, तर पृथ्वीवर अंदाजे एकावर एकतीस शून्यं इतके. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण एक कोटी व्हायरस धरतात आणि त्यातले बहुतेक फेजच असतात. मी देवगडच्या किनाऱ्यावर लहानाची मोठी झाले, रोज संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहायचो, पायाभोवती काय चाललंय याचा पत्ताही नव्हता.

त्या रात्रीनंतर मी झपाटल्यासारखं वाचत सुटले. मला वाटायचं ही काहीतरी नवीन अमेरिकन गोष्ट असेल, तर नाही, ही पेनिसिलिनच्या आधीची आहे. आपल्याकडे पूर्वी काशीला जाऊन आलेली माणसं गंगेचं पाणी तांब्याच्या गडूत बंद करून आणायची, आमच्या देवघरातही आजीचा गडू आहे. 1896 मध्ये अर्नेस्ट हॅन्किन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू टिकत नाहीत असं लिहून ठेवलं, आणि पाणी उकळलं की तो गुण जातो हेही. ते फेजच होते का यावर नंतर वाद झालेत, तर ते असो. पण 1915 मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्टने, आणि 1917 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या फेलिक्स देरेल यांनी, आम्ही प्रॅक्टिकलला बघितली तीच भोकं बघितली. फेज हे नाव देरेल यांनी दिलेलं. 1919 मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये आव झालेल्या मुलांना फेज पाजले, आधी स्वतः पिऊन बघितले आणि मग.

आणि हेच देरेल 1920 च्या दशकात भारतात आले होते, कॉलऱ्यावर काम करायला! 1927 पासून 1936 पर्यंत आपल्याकडे सरकारी बॅक्टेरिओफेज इन्क्वायरी चालली होती, पाटण्याला आणि आसामात, गावच्या गावं घेऊन. हे मला बारावीत नाही, बीएस्सीत नाही, कुठेच कोणी सांगितलं नाही. त्यांचा सहकारी जॉर्ज एलियावा, त्याने जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत 1923 मध्ये फेजची संस्था काढली, 1937 मध्ये स्टालिनच्या राजवटीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या, पण संस्था राहिली आणि आजही पेशंट तिथेच जातात. बाकी बहुतेक जगाने मात्र पेनिसिलिन आल्यावर हे सगळं सोडून दिलं. त्यांना दोषही देता येत नाही, पेनिसिलिन म्हणजे चमत्कारच होता, एक बाटली सगळ्यांना चालते, जंतू नेमका कुठल्या घराण्यातला ते बघायचीही गरज नाही. पण 1945 मध्ये नोबेल घेताना पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनीच सांगितलं होतं की कमी डोस घेत राहिलात तर जंतू याला सरावतील. आणि सरावले. 2019 या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात थेट 12 लाख 70 हजार माणसं गेली असा अंदाज आहे.

आता फेजचं खरं पुनरागमन कुठून झालं ते सांगते, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. टॉम पॅटरसन नावाचे अमेरिकन प्राध्यापक 2015 मध्ये इजिप्तला फिरायला गेले आणि तिथे पोटात असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू घेऊन बसले. कुठलंच अँटिबायोटिक चालेना, माणूस कोमात. त्यांच्या बायको स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ, त्यांनी रात्र रात्र जागून फेजवाल्या लोकांना मेल केले. टेक्ससची एक युनिव्हर्सिटी आणि अमेरिकन नेव्हीची लॅब, दोन्हीकडे टॉमचा जंतू पाठवला गेला, त्यांनी आपल्याकडच्या फेजपैकी आणि सांडपाण्यातून नव्याने शोधलेल्यांपैकी कुठले त्याला फोडतात ते तपासलं आणि मार्च 2016 मध्ये ते शुद्ध करून टॉमला दिले. काही दिवसांत माणसाने डोळे उघडले. मधेच जंतूने फेजला दाद देणं बंद केलं तर नवीन फेज शोधून दिला. ते बरे होऊन घरी गेले.

दुसरी केस लंडनची, 2019 मध्ये छापून आली. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसात घट्ट कफ साठत जाणारा जन्मजात आजार असलेली एक मुलगी, फुफ्फुसं बदललेली, अंगभर टीबीच्या जातकुळीतला एक हट्टी जंतू पसरलेला. तिच्यासाठी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहातून तीन फेज निघाले. त्यातला एक, मडी नावाचा, दक्षिण आफ्रिकेत एका विद्यार्थिनीने कित्येक वर्षांपूर्वी सापडवलेला, कुठे तर कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला! विद्यार्थ्यांनी मातीतून, कचऱ्यातून गोळा केलेले हजारो फेज त्यांनी फ्रीझरमध्ये नंबर घालून जपून ठेवले होते, त्या वेळी कुणालाही माहीत नव्हतं की यातला कुठला कधी उपयोगी पडेल.

मला सगळ्यात आवडलेला प्रकार येल युनिव्हर्सिटीचा आहे, आणि तोही नेमका तात्यांच्याच जंतूवरचा, म्हणजे स्यूडोमोनासवरचा. या जंतूच्या अंगावर पंप असतात, अँटिबायोटिक आत आलं की पंपाने उपसून बाहेर टाकतो, पावसात होडीतलं पाणी उपसतात तसं. तिथल्या लोकांना एका तळ्याच्या पाण्यात असा फेज सापडला जो या पंपाच्याच तोंडाला धरून आत शिरतो. आता जंतूची पंचाईत बघा. फेजपासून वाचायचं तर पंप टाकून द्यावा लागतो, आणि पंप टाकला की जुनंच अँटिबायोटिक पुन्हा लागू पडतं. दोन्हीकडून कोंडी. हृदयाजवळच्या कृत्रिम रक्तवाहिनीवर वर्षानुवर्षं हा जंतू घेऊन जगणाऱ्या एका पेशंटवर त्यांनी तो वापरला, जोडीला अँटिबायोटिक, आणि इन्फेक्शन गेलं. म्हणून लोक जे फेज विरुद्ध अँटिबायोटिक असं बोलतात ते मला पटत नाही, बहुतेक वेळा दोघांची जोडीच कामाला येते.

आता नुसतं गुणगान करून चालणार नाही, मी लॅबवाली आहे. फ्रान्स, बेल्जियममध्ये भाजलेल्या पेशंटवर फेजची ट्रायल झाली, नेमकी स्यूडोमोनासवर, आणि ती फसली. कारण बाटलीत ठेवून ठेवून फेज मरत गेले आणि पेशंटच्या जखमेवर ठरवल्यापेक्षा कितीतरी पट कमी पोचले. म्हणजे साठवण जमली नाही तर सगळं फुकट. शिवाय एक फेज एकाच जातीच्या, कधीकधी त्या जातीतल्याही मोजक्याच घराण्यांच्या जंतूवर चालतो. जंतू फुटले की त्यांच्या अंगातलं विष बाहेर येतं, म्हणून औषध फार शुद्ध लागतं. आणि काही फेज तर जंतूला न मारता त्याच्याच डीएनएत घर करून राहतात, कॉलऱ्याचं विष बनवणारा जीनसुद्धा एका फेजनेच त्या जंतूत आणून घातलाय. त्यामुळे कुठलाही फेज चालत नाही, पारखून घ्यावा लागतो. कृपा करून हे वाचून कोणी खाडीचं पाणी किंवा गंगाजल जखमेवर ओतू नका, त्यात फेजबरोबर नाना तऱ्हेचे जंतूही असतात, मी कळकळीने सांगतेय.

आपल्या देशातही काम चाललंय. बनारस हिंदू युनिव्हर्सिटीत वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमांवर फेज लावून बघितलेत, जखमा भरल्यात. आपल्याच किनाऱ्यावर खाली मंगळुरूच्या फिशरीज कॉलेजने कोळंबीच्या हॅचरीत व्हिब्रियो हार्वेई जंतूवर फेज वापरले, तो जंतू लागला की पिल्लं रात्री चकाकतात आणि मरतात. माझा मावसभाऊ खाडीत कोळंबीचा तलाव करतो, त्याला हे सांगितलं तर तो ताडकन उठून बसला, कारण अँटिबायोटिकचा अंश सापडला की माल परत येतो ही त्या धंद्यातली कायमची धास्ती. भाताच्या कडा करप्याचाही जंतूच असतो, त्यावरही फेज आहेत. तो वेगळा विषय, कधीतरी लिहीन.

पण तात्यांच्या मुलाला त्या रात्री मी काय उत्तर दिलं? आपल्याकडे फेज हे औषधाच्या दुकानात मिळणारं मान्यताप्राप्त औषध नाही. बेल्जियमने 2018 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर फार्मसीत पेशंटपुरता फेज बनवून द्यायची सोय केली, तसं आपल्याकडे काही नाही. जॉर्जियाला न्यायचं तर व्हिसा, प्रवास, तात्यांची शुगर, किडनी. आणि या सगळ्याच्या आधीची गोष्ट म्हणजे कुठल्याही फेजवाल्या केंद्राला पहिल्यांदा पेशंटचा जंतू लागतो. त्या जंतूवर त्यांच्याकडचे फेज एकेक करून टाकून बघतात, भोकं पडली तर तो फेज तुमचा. जंतू नाही तर काहीच नाही. टॉम पॅटरसन वाचले कारण त्यांचा जंतू कुणीतरी जपून ठेवला होता आणि डबीत घालून पाठवला होता.

मुलाने विचारलं, "ताई, मग बाबांचा जंतू आहे ना तुझ्याकडे?"

नव्हता. रिपोर्ट गेला त्याच दिवशी मी माझ्या हाताने ती हिरवी प्लेट पिवळ्या पिशवीत टाकून ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या मशीनला लावली होती, 121 डिग्री, वीस मिनिटं. नियम तोच आहे, रोज तेच करतो, बारा वर्षांत हजारो प्लेट अशा उकळून टाकल्या असतील. जखम अजून उघडी होती, दुसरा स्वॅब घेता आला असता, पण तोपर्यंत ऑपरेशनची तारीख चार दिवसांवर आली होती आणि चार दिवसांत काही होणार नव्हतं. पण त्याच्या आधी तीन आठवडे होते. तीन आठवडे तो जंतू माझ्याकडे असता आणि मी चार ठिकाणी मेल केले असते, तर काय झालं असतं? कदाचित काही नाही. कदाचित फेज सापडलाच नसता, सापडला असता तरी परवानगी मिळाली नसती. पण मी विचारू शकले असते, आणि मी विचारायचं साधनच उकळून टाकलं.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय. फेज शोधणं अवघड नाही, गटारं आपल्याकडे भरपूर आहेत, खाड्या आहेत, गोठे आहेत, बीएस्सीची पोरं हे काम करू शकतात. अवघड आहे ते जपणं. डॉक्टर मंडळींना हात जोडून सांगणं आहे की डायबेटीसवाल्याची जखम आठवड्यात हलली नाही तर औषध बदलायच्या आधी स्वॅब पाठवा. नातेवाइकांनी स्वतःहून विचारा, कल्चर केलं का? तीनशे-पाचशे रुपये वाचवायची ही जागा नाही. आणि माझ्यासारख्या लॅबवाल्यांनो, ज्या प्लेटवर सगळे आर आलेत तो जंतू फेकू नका. ग्लिसरॉलमध्ये एक लूपभर जंतू, छोटी कुपी, वर नंबर आणि तारीख, पेशंटचं नाव नको, आणि फ्रीझर. दोन मिनिटांचं काम आहे. लॅबच्या साध्या फ्रीझरमध्ये काही महिने टिकतो, उणे 80 चा फ्रीझर असलेल्या कॉलेजशी बोलणं करून ठेवलं तर वर्षानुवर्षं.

आमच्या लॅबच्या सरांशी मी सप्टेंबरमध्ये बोलले. त्यांनी आधी विचारलं, कशाला ही जोखीम, नंतर तात्यांची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि कुलपाच्या फ्रीझरमधला खालचा कप्पा दिला. लाईट गेली की इन्व्हर्टरवर कुठलं मशीन आधी ठेवायचं या यादीत त्या फ्रीझरचा नंबर वर घेतला. कुप्यांचं रजिस्टर मी हातानेच लिहिते. आत्तापर्यंत अकरा झाल्यात, सहा स्यूडोमोनास, तीन क्लेबसिएला, दोन असिनेटोबॅक्टर. ज्या कॉलेजात मी शिकले तिथल्या मॅडमना फोन केला, ते प्रॅक्टिकल अजून होतं. म्हणाल्या, पुढच्या वर्षी मुलांना ई. कोलायऐवजी तुझ्या जंतूंवर फेज शोधायला लावता येतील का बघते, पण त्याला सुरक्षेची वेगळी व्यवस्था लागेल, विद्यार्थ्यांच्या हातात असे जंतू असेच देता येत नाहीत. बघते म्हणाल्यात. मी दर पंधरा दिवसांनी आठवण करते.

गेल्या मंगळवारी तात्या शुगर तपासायला आले होते, काठी टेकत, पायात त्या खास चपला. मी त्यांना आत नेऊन फ्रीझर उघडून दाखवला. बर्फाच्या वाफेत त्यांनी वाकून कुप्या बघितल्या, मग विचारलं, "ह्यातलो माजो खंयचो?"

मी म्हटलं, तात्या, तुमचा नाही, तुमचा मी टाकला.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, "मगे आता ह्ये तरी टाकू नको हां बाय," आणि फ्रीझरचं दार त्यांनी स्वतःच नीट दाबून बंद केलं.